बिनपगारी पदाची मिळकत

नागरी सेवाभावी संस्थेचा कारभार तिच्या सभासदांनी निवडून दिलेली कार्यकारिणी पाहते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष आणि काही सदस्य एवढा तिचा सर्वसाधारण पसारा असतो, आणि ही सगळी पदे बिनपगारी असतात. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याने अशा संस्थांची चौकट देशात आखून दिली. किमान सात जणांनी एकत्र यायचे, उद्देश लिहून काढायचे, नियमावली करायची आणि कारभार कोणाच्या हाती आहे हे निबंधकाला कळवायचे, असे तिचे स्वरूप. मध्य प्रदेशाने 1973 मध्ये स्वतःचा कायदा केला. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळे झाले, तरी तोच कायदा तिथे पुढे चालू राहिला. अशा संस्थेची शिल्लक सभासदांना वाटून घेता येत नाही. संस्था गुंडाळायची वेळ आलीच, तर 1860 च्या कायद्यानुसार उरलेली मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जाते, आणि कोणत्या संस्थेकडे ते हजर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी ठरते. थोडक्यात, संस्थेची शिल्लक खिशात घालण्याची वाट बुजवलेली आहे. तरीही माणसे वर्षानुवर्षे हे काम करतात, काही तर आयुष्यभर. त्यांना यातून काय मिळते, हे भिलाईसारख्या गावात फार स्पष्ट दिसते.

भिलाई हे कारखान्याने वसवलेले गाव आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात दहा लाख टन क्षमतेच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. नोकरीसाठी देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग दारातूनच जात असल्याने नागपूर, भंडारा, गोंदिया या भागातले मराठी तरुणही आले. त्यांना हा मुलूख अगदी परका नव्हता. 1854 पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि 1956 पर्यंत रायपूर, दुर्ग या जिल्ह्यांची राजधानी नागपूरच होती. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव, बिलासपूर इथे जुनी मराठी घराणी आधीपासून नांदत होती. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ 1935 सालचे, म्हणजे भिलाईचा कारखाना कागदावरही नव्हता तेव्हाचे.

सेक्टरांमध्ये विभागलेल्या या वसाहतीत क्वार्टर, पाणी, वीज, रस्ते, शाळा, दवाखाना असे सगळे कारखान्यानेच पुरवले. महानगरपालिका आली ती 1998 मध्ये. तोवरच्या चाळीसेक वर्षांत वसाहतीतल्या माणसाला आपल्या गल्लीच्या कारभारात फारसे काही ठरवावे लागले नाही. नळ गळू लागला की तक्रार नोंदवायची, विभागाचा माणूस येऊन दुरुस्त करून जायचा. सोय मोठी होती, पण आपल्या गावाचा कारभार आपण करायचा, ही सवय लागण्याला त्यात वाव नव्हता. तो वाव संस्थांनी दिला. बंगाली मंडळींनी कालीबाडी उभी केली, तेलुगू भाषकांनी बालाजीचे, मल्याळी लोकांनी अय्यप्पाचे, ओडिया लोकांनी जगन्नाथाचे मंदिर बांधले. मराठी माणसांनी महाराष्ट्र मंडळ आणि गणेशोत्सव चालवला. वाचनालये, नाट्यमंडळे, महिला संस्था निघाल्या. भिलाई महिला समाजाने मसाले, हातमोजे अशा वस्तू बनवणारे विभाग चालवून गरजू बायकांच्या हाताला काम दिले. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वर्गणी गोळा करीत होते, हिशेब ठेवीत होते आणि ठरावावर सही करीत होते.

या कामाची पहिली मिळकत म्हणजे बरोबरीने बसण्याचा अनुभव. पोलाद कारखान्यात माणसाची जागा त्याच्या ग्रेडवरून ठरते. कामगारांच्या श्रेणी एस-1 पासून, अधिकाऱ्यांच्या ई-1 पासून वर चढत जातात. क्वार्टर ग्रेडप्रमाणे मिळते, त्यामुळे पत्ता सांगितला की हुद्दाही कळतो. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वस्तीचे ‘बत्तीस बंगला’ एवढे नाव घेतले तरी ऐकणाऱ्याला पुरे होते. कार्यकारिणीच्या सतरंजीवर मात्र महाव्यवस्थापकाला एक मत आणि रोलिंग मिलमधल्या ऑपरेटरलाही एकच. दिवसभर ज्यांना ‘साहेब’ म्हणायचे, त्यांना इथे ‘भाऊ’ किंवा ‘काका’ म्हटले जाते. सभेचा विषय मंडपाच्या ठेक्याचा असेल, तर तीन दुकाने फिरून दर काढून आणलेल्या ऑपरेटरच्या शब्दाला जास्त वजन येते. साहेबाला आपले म्हणणे हुकमाने पुढे रेटता येत नाही, पटवून द्यावे लागते. ऑपरेटरला गप्प बसून चालत नाही, मत द्यावे लागते. दोघांनाही हे नवे असते आणि सुरुवातीला दोघांनाही जड जाते. एक-दोन वर्षांत ते अंगवळणी पडते. मग अधिकारी कारखान्याच्या शॉपमध्येही जरा जास्त ऐकून घेऊ लागतो आणि कामगार वरिष्ठांसमोर न अडखळता बोलू लागतो, हा अशा मंडळांत वावरलेल्यांच्या नेहमीच्या बोलण्यातला अनुभव आहे.

दुसरी मिळकत दुसऱ्याच्या पैशाची जबाबदारी घेण्याची. ती कोषाध्यक्षाला सगळ्यात आधी कळते. गणेशोत्सव आटोपला की वाटलेली पावतीपुस्तके परत मागवली जातात. कोणते पुस्तक कोणाकडे दिले, याची नोंद वहीत असते. प्रत्येक पुस्तकाच्या स्थळप्रती पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत तपासल्या जातात. एखादी पावती चुकली असेल, तर तिचे दोन्ही भाग पुस्तकातच हवेत आणि त्यांवर ‘रद्द’ लिहिलेले हवे. मूळ भाग हरवला असेल, तर त्या क्रमांकाचे पैसे कोणाकडे आहेत, हा प्रश्न उभा राहतो. मग रोख रकमेचा बँकेतल्या भरण्याशी मेळ घातला जातो. हल्ली बरीच वर्गणी क्यूआर कोडवर येते. पावती वडिलांच्या नावाची आणि पैसे मुलीच्या खात्यातून आलेले, असे घडले की एकेक नोंद फोन करून जुळवावी लागते. मंडपवाला, आचारी, ध्वनिक्षेपकवाला यांची बिले, त्यांवरची मंजुरी आणि धनादेशांवरच्या दोन सह्या हे सगळे एकत्र लावून झाले, की मगच जमाखर्च तयार होतो. एकवीस रुपयांचा फरक सापडेना म्हणून अख्खी संध्याकाळ घालवलेला माणूस पुढे कोणत्याही संस्थेचा ताळेबंद डोळे झाकून मान्य करीत नाही.

हिशेबाबरोबर कायद्याची ओळख होते. सभासदांची यादी, निवडून आलेल्यांची नावे, लेखापरीक्षकाने तपासलेले हिशेब दरवर्षी निबंधकाकडे जातात. देणगीदाराला आयकरात ‘80जी’ची सवलत मिळवून द्यायची, तर संस्थेची आयकर विभागाकडे वेगळी नोंदणी लागते. 2017 पासून दोन हजार रुपयांपेक्षा मोठ्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, हे वर्गणीला निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवावे लागते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली. त्या निधीसाठी अर्ज करायचा, तर एप्रिल 2021 पासून संस्थेला सीएसआर-1 हा नमुना भरून नोंदणी करावी लागते. हे शिकायला कोणी महाविद्यालयात जात नाही. आयुष्यभर कोक ओव्हनमध्ये काम केलेला माणूस सचिव होतो आणि दोन वर्षांत संस्थेची फाइल घेऊन रायपूरच्या कार्यालयात विश्वासाने उभा राहतो.

तिसरी मिळकत सभा चालवण्याची कला. भिलाईत बैठकीची वेळ ठरवणे हेच मुळात अवघड गणित. कोणी फर्स्ट शिफ्टला, कोणी सेकंडला, कोणी नाइटला. जनरल शिफ्टची माणसे घरी येऊन चहा घेतात तोवर सेकंडवाले आत गेलेले असतात. त्यामुळे गणपूर्ती जमवायची, तर सगळ्यांच्या सुट्या डोक्यात ठेवाव्या लागतात. बैठक भरली की विषयपत्रिका हातची सुटू द्यायची नाही, जुना वाद उकरणाऱ्याला दोन मिनिटे द्यायची पण तिसरे द्यायचे नाही, न बोलणाऱ्याला मुद्दाम विचारायचे आणि ठराव झाला की त्याची भाषा तिथल्या तिथे वाचून दाखवायची. इतिवृत्त लिहिणाऱ्याची तर खरी कसोटी. कोण काय म्हणाले ते सगळे लिहिले, तर पुढच्या सभेत भांडण. काहीच लिहिले नाही, तर ठरले काय हेच कोणाला आठवत नाही. काय ठरले, कोणावर सोपवले, कधीपर्यंत करायचे, या तीन गोष्टी लिहायला शिकलेला सचिव संस्थेच्या फार उपयोगी पडतो. वार्षिक आमसभेत सभासद उठून प्रश्न विचारतो, तेव्हा चिडून न जाता कागद काढून उत्तर देणे हे त्याच्या पुढचे शिक्षण.

मराठी समाजात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदाला किमान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सभेत बसणारा माणूस स्वतःपुरता बोलत नाही, तो कोणाच्या तरी वतीने बोलतो, ही जाणीव गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमातच घालून ठेवली होती. छत्तीसगडात तीच रीत वामनराव लाख्यांनी चालवली. 1900 मध्ये माधवराव सप्रे यांनी पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, त्यात लाखे त्यांच्या सोबत होते. 1913 मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी राहिली, तीत लाख्यांचा पुढाकार होता आणि तिचे काम त्यांनी दीर्घकाळ पाहिले. सरकारने दिलेली ‘रायसाहेब’ ही पदवी असहकाराच्या काळात त्यांनी परत केली. पदवी गेली, पण रायपुरातल्या लाखेनगरच्या रूपाने नाव राहिले. मराठी घराण्यातल्या या दोघांनी ज्या संस्था उभारल्या, त्यांचा लाभ हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्यांना झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चौथी मिळकत ओळखींची, आणि ओळखीमुळे वाढणाऱ्या समजेची. भाषेच्या नावाने निघालेले मंडळ भाषेपुरतेच राहिले, तर ते पाडव्याचा कार्यक्रम आणि कोजागरीचे दूध एवढ्यावर आटोपते. कारभार पाहणाऱ्यांना मात्र रोज बाहेर जावे लागते. मैदानासाठी कारखान्याच्या नगर सेवा विभागाकडे, ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी ठाण्यात, रक्तदान शिबिरासाठी सेक्टर 9 च्या रुग्णालयात. शेजारच्या समाजाच्या समितीकडून भांडी उसनी घ्यावी लागतात आणि त्यांच्या उत्सवात आपली सतरंजी द्यावी लागते. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाचा पसारा शाळा, वसतिगृह आणि दिव्यांग मुलींचे निवासगृह इथवर गेला. असे काम हाती घेतले की कार्यकारिणीपुढचे प्रश्नच बदलतात. यंदा नाटक कोणते आणायचे, यापेक्षा शिक्षकांचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कसा द्यायचा, हा विषय आधी येतो. महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1958 पासून आहे. त्याच्या अधिवेशनांना जाणाऱ्याला इंदूर, हैदराबाद, बडोदे इथल्या मंडळांच्याही हिशेबाच्या आणि जागेच्या अडचणी आपल्यासारख्याच असल्याचे कळते.

सामान्य माणसांची समिती किती मोठे काम पेलू शकते, याचा दाखला भिलाईच्या भट्ट्यांना खनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहऱ्यात आहे. 1977 च्या जूनमध्ये खाणकामगारांवर झालेल्या पोलीस गोळीबारात तिथले अकरा जण बळी पडले. त्यांच्या स्मरणार्थ खाणकामगारांनी, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालच्या संघटनेमार्फत, 3 जून 1983 रोजी शहीद रुग्णालय सुरू केले. डॉक्टर बाहेरून आले, पण पैसा आणि श्रम कामगारांचे होते आणि कारभारातही त्यांचा हात होता. दगड फोडणाऱ्या माणसांनी औषधखरेदी, खाटांची संख्या, शुल्क असल्या बाबींवर निर्णय घेतले. जे काम आपल्याला जमणार नाही असे वाटते, ते जबाबदारी अंगावर पडली की जमते, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

पाचवी मिळकत वयाच्या साठाव्या वर्षी पदरात पडते. कारखान्यात निवृत्तीचे वय साठ. निवृत्तीबरोबर ग्रेड जाते, गेटपास जातो आणि नियमाप्रमाणे क्वार्टरही सोडावे लागते. घंटेवर बांधलेले आयुष्य एका दिवसात मोकळे होते. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा हैदराबादला गेलेली असतात. अशा वेळी ज्याने नोकरीत असतानाच संस्थेचे काम धरले आहे, त्याचा दिवस रिकामा राहत नाही. त्याच्या अनुभवाचे गिऱ्हाईक तयार असते. विद्युत विभागात तीस वर्षे काढलेला माणूस सभागृहाची वायरिंग तपासतो, भांडार विभागातला माणूस साहित्याची नोंदवही लावतो, कारखान्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई वाचनालय हाती घेतात. ज्याने निवृत्तीनंतर प्रथमच संस्थेची पायरी चढली, त्यालाही जागा मिळते, पण तोवर कोणी त्याला पारखलेले नसते. म्हणून पन्नाशीच्या आत एखादी मुदत काम केलेले बरे, असे जुनी मंडळी नव्यांना सांगतात.

स्त्रियांच्या बाबतीत ही मिळकत आणखी वेगळी. नवऱ्याच्या ग्रेडवरून बाईची ओळख ठरणाऱ्या गावात कोषाध्यक्ष म्हणून स्वतःच्या सहीने धनादेश देणे, आमसभेत अहवाल मांडणे, मंजुरीसाठी अधिकाऱ्यासमोर बसणे, यातून ‘अमक्यांच्या मिसेस’ ही ओळख मागे पडते. मात्र कार्यकारिणीत स्त्रियांना महिला विभाग आणि हळदीकुंकू एवढ्यावरच थांबवले, तर हा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पैसा आणि नियम यांच्याशी संबंधित पद त्यांच्याकडे आले, तरच तो पोहोचतो.

या कामाचा खर्चही मोजला पाहिजे. रविवार जातात, पेट्रोल स्वतःचे जाते, घरात बोलणी खावी लागतात. मानधन नसले तरी संशय वाट्याला येतो, कारण दुसऱ्याच्या पैशाला हात लावणाऱ्याकडे चार लोक डोळे वटारून बघणारच. निवडणुकीत दोन गट पडले की वीस वर्षांचे घरोबे तुटतात. कारखान्यातल्या कायम नोकरांची संख्या पूर्वीच्या मानाने बरीच घटली, तशी नवी माणसे येण्याचे प्रमाणही कमी झाले. मग तीच ती नावे दर निवडणुकीत बिनविरोध येतात. त्यात सोय असते तसा धोकाही असतो. पंधरा वर्षे अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला संस्था आणि आपण यातला फरक दिसेनासा होतो आणि बरोबरीने बसण्याचा जो पहिला लाभ, तोच नाहीसा होतो.

म्हणून ही मिळकत आपोआप पदरात पडत नाही, तिला काही पथ्ये आहेत. मुदतीची मर्यादा नियमावलीत लिहिलेली हवी आणि पाळलीही जायला हवी. प्रत्येक खर्चाला दोन सह्या हव्यात, मग रक्कम पाचशेची का असेना. ज्याच्या नातेवाइकाचे बिल सभेपुढे आले असेल, त्याने तेवढ्यापुरते बाहेर बसावे. प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या हाताखाली एक नवखा असावा आणि कार्यभार सोपवताना चाव्या, वह्या, बँकेची कागदपत्रे, पासवर्ड यांची यादी करून दोघांनी सही करावी. ज्या संस्थांनी ही शिस्त पाळली, तिथून बाहेर पडलेली माणसे पुढे गृहनिर्माण संस्था, पालक समिती, वॉर्डातले नागरिक मंडळ अशा ठिकाणी उपयोगी पडली. जिथे ती पाळली गेली नाही, तिथे चांगली माणसेही कटू होऊन घरी बसली.

संस्थेच्या कामाने नाव होते, सत्कारही होतात, पण ते गौण आहे. हारतुऱ्यांसाठी आलेला माणूस पहिल्याच हिशेबतपासणीत कंटाळतो. टिकतो तो, ज्याला चार असहमत माणसांना एका ठरावापर्यंत आणण्यात आणि ठरलेले तडीस नेण्यात गोडी वाटते. कारखान्याने भिलाईच्या माणसाला नोकरी, घर आणि दवाखाना दिला. आपल्या गावाचा कारभार करण्याची सवय त्याला त्याच्या संस्थांनी दिली. जिला अशी संधी असेल, ज्याला असेल, त्यांनी येत्या निवडणुकीत एकदा अर्ज भरावा, शक्यतो अध्यक्षपदाचा सोडून सहकोषाध्यक्षाचा, मुदतभर मन लावून काम करावे आणि मुदत संपली की हिशेब चोख सोपवून खुर्ची पुढच्याला द्यावी.